अंगठीवरची अक्षरे

सावळ्या बोटात पिवळी अंगठी आहे आणि त्या अंगठीवर राधेचे नाव कोरलेले आहे. हे बोट बासरीच्या छिद्रांवरून फिरते आहे. म्हणजे प्रत्येक सुरागणिक ते उचलले जात असणार, टेकत असणार, पुन्हा उचलले जात असणार, आणि दर खेपेला ती अक्षरे समोरच्या राधेला दिसत, लपत, पुन्हा दिसत असणार. हे उचलणे-टेकणे कवीने लिहिलेले नाही. ते आपण ऐकता ऐकता भरतो. कवी फक्त एवढेच सांगतो की कानांवर मधुर सूर आणि डोळ्यांपुढे स्वतःचेच नाव, अशा दुहेरी पेचात सापडलेली ती गोरी राधा लाजली. पंडित नरेंद्र शर्मा यांच्या ‘बाजे रे मुरलिया बाजे’ या गीतातले हे एक कडवे. ते भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर या दोघांच्या गळ्यांतून आपल्यापर्यंत येते, तेव्हा त्या इवल्याशा अंगठीत एक अख्खे वृंदावन मावलेले असते.

‘राम श्याम गुणगान’ हा अल्बम १९८५ सालचा. शब्द नरेंद्र शर्मांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. पंडितजींनी, म्हणजे भीमसेनांनी, तेव्हा त्रेसष्टी गाठली होती आणि लताबाई छप्पन्नाच्या घरात होत्या. दोघांनाही काही सिद्ध करायचे उरले नव्हते, ही या अल्बमच्या आस्वादातली पहिली किल्ली आहे. तरुण कलावंत एकत्र येतात तेव्हा कानाला एक खुमखुमी जाणवते. तीही सुखद असते, पण तिच्यात ऐकणारा नकळत पंच होऊन बसतो. इथे तो प्रश्नच नाही. आपले आपले साम्राज्य पुरते उभारून झालेली दोन माणसे शेजारी शेजारी बसली आहेत आणि दुसऱ्यासाठी जागा सोडण्यात त्यांना आनंद वाटतो आहे. या अल्बममधल्या दोन द्वंद्वगीतांपाशीच मी आपल्याला थांबवणार आहे, कारण दोन्हींत मिळून ऐकण्यासारखे इतके आहे की पुढे सरकावेसे वाटत नाही.

मी हे भिलाईत बसून लिहितो आहे आणि या गावाचा या गाण्यांशी माझ्या मनात जुळलेला एक धागा आहे. नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी आगगाडी पुढे सरकते, तसतशी मराठी हिंदीत आणि हिंदी छत्तीसगढीत विरघळत जाते, आणि भिलाईच्या सेक्टरांतल्या क्वार्टरांत देशभरच्या भाषा भिंतीला भिंत लावून राहतात. विदर्भातून पोलाद कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी घरांत अभंग मराठीत, भांडण हिंदीत आणि बाजारहाट छत्तीसगढीत अशी वाटणी सहज होऊन गेली. इथून जवळच्या खैरागढला १९५६ साली संगीत-कलांचे विश्वविद्यालय उभे राहिले आणि तिथे कुलगुरू म्हणून आले ते संगीतज्ञ श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवत होते ते मराठी घरात जन्मून हिंदीत कविता लिहिणारे मुक्तिबोध. अशा मुलखात ‘राम श्याम गुणगान’ ऐकताना त्यातली मिसळण फार ओळखीची वाटते. गाणारे एक जण गदगच्या बाजूचे कानडी घरातले, पुण्यात रुजलेले. दुसऱ्या इंदूरला जन्मलेल्या, मूळ गोव्यातल्या मंगेशीच्या. संगीतकार बडोद्याचे मराठी. आणि कवी बुलंदशहराकडचे, ठेठ हिंदीतले. आमच्या एका मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांची नावे वाचावीत तशी ही श्रेयनामावली मला वाटते.

भिलाईकराने भीमसेनांच्या आवाजाला झोतभट्टीची उपमा देण्याचा मोह आवरावा, हे मला ठाऊक आहे. पण इथली पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, आणि ४ फेब्रुवारी हा पंडितजींचा जन्मदिवस. उपमा मी देत नाही. तारीख तेवढी सांगून ठेवतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र गायचे म्हटले की संगीतकारापुढे सर्वांत आधी एक रोकडी अडचण उभी राहते. मैफलीतल्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण काळी एक-दोनच्या आसपास असतो, स्त्री गायिकेचा काळी चारच्या आगेमागे. दोघांना एकच षड्ज द्यायचा तर एकाला आपल्या सोयीच्या घरातून बाहेर पडावे लागते: एकतर पुरुषाचा आवाज वर ताणला जातो, नाहीतर स्त्रीचा आवाज खाली मंद्राकडे झुकून आपले तेज गमावतो. चित्रपटातल्या द्वंद्वगीतांत हे सावरून घेता येते, कारण तिथे तान-आलापांचा पसारा नसतो आणि पार्श्वगायकांना परक्या पट्टीत राहण्याची सवय असते. इथे मात्र एका बाजूला चार दशके मैफल गाजवलेला किराणा घराण्याचा गळा आहे, ज्याला मोकळे मैदान लागते. आणि दुसऱ्या बाजूला ध्वनिक्षेपकापुढे एका श्वासाचाही हिशेब ठेवणारा गळा आहे. अशा दोघांना एका चालीत बसवताना खळ्यांनी कोणाचीच कुचंबणा होऊ दिली नाही. गाणे ऐकताना पट्टीचा विचार आपल्या मनात येतच नाही, हेच त्या कामाचे सौंदर्य.

पाश्चात्त्य जॅझमध्ये अशा भेटींची जुनी रीत आहे. १९५६ साली निर्माते नॉर्मन ग्रँझ यांनी एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग या दोघांना ऑस्कर पीटरसनच्या साथीवर एकत्र गायला बसवले. लुईंचा आवाज खरखरीत, एलाबाईंचा नितळ. कोणी दुसऱ्यासारखे व्हायचा प्रयत्न केला नाही, आणि त्यामुळे खरखर अधिक मायाळू वाटली व नितळपणा अधिक नितळ. आपल्याकडे मात्र ‘जुगलबंदी’ म्हटले की सवालजवाब आठवतात, टाळ्या आठवतात, कोण कोणाला पुरून उरला याची चर्चा आठवते. ‘राम श्याम गुणगान’ची जात त्या एला-लुईंच्या भेटीशी अधिक जुळते. दोघे एकमेकांसमोर नाहीत. दोघेही एकाच दिशेला, तिसऱ्याच कोणाकडे तोंड करून गात आहेत.

तरीही हे दोन गळे दिसतात तितके परके नाहीत. भीमसेनांनी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून जे घेतले, त्याचा गाभा किराणा घराण्याचा सुराचा आग्रह हा होता: स्वर कसा लावायचा, किती हळुवार टेकवायचा, आणि लागल्यावर त्यात किती वेळ राहायचे. पुढे त्यांनी त्यावर तानांचा, गमकांचा, गडगडाटाचा डोलारा उभारला, पण पाया तोच. लताबाईंनी वडिलांनंतर भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे काही काळ शिकून घेतले आणि मग चित्रपटांच्या धबडग्यात त्यांना अडीच-तीन मिनिटांत एक अख्खे भावविश्व उभे करण्याची विद्या कमवावी लागली. त्या विद्येचा मूळ आधारही नेमका सूर हाच. वरवर एक आवाज भारदस्त आणि एक आवाज तलम. पण स्वराच्या ऐन मध्यबिंदूवर उतरण्याचा हट्ट दोघांचा सारखा. म्हणून एकाची ओळ संपून दुसऱ्याची सुरू होते तेव्हा पोत बदलतो आणि सूर मात्र जागचा हलत नाही. हा क्षण कान देऊन टिपण्यासारखा आहे. रंग बदलला, रेघ तीच राहिली.

‘बाजे रे मुरलिया’च्या शब्दांत रंगांची कशी नेमस्त पेरणी आहे ते पाहा. बासरी हिरव्या बांबूची. अंगठी सोन्याची, म्हणजे पिवळी. बोट सावळे. राधा गोरी. चारच रंग, पण कवीने ते एकदम ओतलेले नाहीत; आधी बांबू, मग बोट, मग अंगठी, मग अंगठीवरची अक्षरे, आणि अक्षरांवरून राधेचा चेहरा, अशी आपली नजर तो अंगुळ-अंगुळ पुढे नेतो. बासरीच्या छिद्रांना तो मर्मस्थाने समजतो आणि चंचल, चतुर बोटे त्या मर्मांना स्पर्श करीत जातात. नरेंद्र शर्मा हे ‘ज्योति कलश छलके’चे कवी. सुधीर फडक्यांच्या चालीवर लताबाईंनी १९६१ साली गायलेल्या त्या गीतात अख्ख्या आकाशाची पहाट होती. इथे तोच कवी बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत रमला आहे, आणि मला हे दुसरे काम अधिक अवघड वाटते.

या अंगुळ-अंगुळ सरकणाऱ्या नजरेला लताबाईंचा आवाज किती शोभतो! त्या शब्द उच्चारतात तेव्हा व्यंजनाची कड आधी दिसते आणि स्वर मागाहून तिच्यावर पसरतो. हिंदी-उर्दू उच्चारांसाठी त्यांनी तरुणपणी शिक्षक ठेवून मेहनत घेतली होती ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचे फळ अशा ठिकाणी चाखायला मिळते. अंगठी, अक्षर, बोट हे सगळे लहान, रेखीव, कोरीव पदार्थ आणि लताबाईंचा आवाजही तसाच कोरीव. पंडितजी त्याच शब्दांकडे येतात तेव्हा रेखीवपणाची जागा ऐसपैसपणा घेतो. अंगठी दूर राहते आणि बासरीचा नाद समोर येतो. ‘बाजे’ या शब्दातला आकार ते असा उघडतात की वाजणारी वस्तू बासरी असली तरी तिचा नाद यमुनेच्या पैलतीरापर्यंत गेला असावा असे वाटते. एकीने दाखवावे आणि दुसऱ्याने ऐकवावे. राधेच्या वाट्याला आलेला तो दुहेरी पेच, डोळ्यांपुढे अक्षर आणि कानांत सूर, दोन गळ्यांत असा वाटला गेला आहे. खळ्यांनी हे जाणून केले की चालीच्या ओघात घडले, याची चौकशी रसिकाने करू नये. घडले आहे एवढे खरे.

आणि मग शेवटचे कडवे. राधा आपली भरलेली घागर विसरून गेली. सावळा आपल्या गाई विसरून गेला. पाणी हे तिच्या दिवसाचे प्रयोजन, गोधन हे त्याच्या दिवसाचे. दोघेही ज्या कामासाठी घरून निघाले होते तेच काम विसरून बसले. हे त्या दोघांना कळले की नाही कोण जाणे, पण चराचराला कळले, असे कवी म्हणतो. इथे मला नेहमी गाणारे दोघे दिसू लागतात. भीमसेनांची भरलेली घागर म्हणजे त्यांची तान: ती विजेसारखी उतरणारी, समेवर आदळून सभागृह हलवणारी तान. लताबाईंचे गोधन म्हणजे चित्रपटसृष्टीने त्यांच्याभोवती जमवलेली अपार लोकप्रियता, नायिकेचा चेहरा, प्रसंग, वाद्यवृंदाचा थाट. दोघेही आपापले वैभव घाटावर ठेवून आले आहेत. पंडितजींच्या गळ्यात गमक येते, पण अर्ध्यावरून परत फिरते. लताबाई भावनेच्या काठाशी येतात आणि काठ ओलांडत नाहीत. जे गायले जात नाही त्याचाही एक भरदार नाद या गाण्यात आहे, आणि तो ऐकू यायला पंडितजींची एखादी अख्खी मैफल आधी ऐकलेली असावी लागते.

दुसरे गीत रामाचे, ‘राम का गुणगान करिये’. छत्तीसगढच्या मातीत हे गाणे वेगळ्याच नात्याने कानी पडते. रायपूरजवळचे चंदखुरी हे कौसल्येचे माहेर मानले जाते. म्हणजे राम हा इथल्या लोकांचा भाचा, ‘भांचा’. म्हणून इकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो. वयाने थोर माणूस कोवळ्या पोराच्या पायाला हात लावताना पाहिला की बाहेरून आलेला बावचळतो; चार वर्षे राहिला की त्याला त्यात रामच दिसू लागतो. याच राज्यात महानदीच्या खोऱ्यात रामनामी पंथाची माणसे आहेत. देवळाचे दार बंद असलेल्या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रामाचे नाव थेट स्वतःच्या अंगावर गोंदवून घेतले. कपाळावर, हातांवर, काहींनी सर्वांगावर. अंगठीवर कोरलेल्या राधेच्या नावाशेजारी मला ही कातडीवर कोरलेली अक्षरे आठवतात, आणि नावाची ओढ माणसाला कुठवर नेते याचे नवल वाटते.

नरेंद्र शर्मांचा राम या दोन्ही रामांना जवळचा आहे. या गीतात धनुष्य नाही, सेतू नाही, रावणही नाही. कवी ध्यान धरायला सांगतो ते रामाच्या भद्रतेचे आणि सभ्यतेचे. पराक्रमाची एवढी अफाट सामग्री हाताशी असताना त्याने शील निवडले. रामाचे गुण आठवणे हेच रत्नधन, त्याने माणुसकीला अलंकार चढतात आणि माणूस धनवान होतो, अशी ही संथ, समंजस मांडणी. आणि अखेरीस तो प्रत्येकाच्या आत वसणाऱ्या आत्मारामाचा मान राखायला सांगतो. आज्ञा नाही, आवेश नाही, आर्जवी आवाहन आहे. आता गायकाच्या बाजूने विचार करा. ‘भद्रता’, ‘सभ्यता’ हे शब्द वाचायला गोड, पण गायला कठीण, कारण जोडाक्षरावर सूर अडखळतो. एरवी चालीत अशी जोडाक्षरे घाईत उरकली जातात. इथे ती शांतपणे उच्चारली जातात, मागून येणाऱ्या आकाराला जागा करून देतात, आणि शब्दाचा अर्थच उच्चाराचा गुण होऊन बसतो: सभ्यता हा शब्द सभ्यपणे गायला जातो.

आणि ‘राम’ हा शब्द. एक दीर्घ आकार आणि मिटणारे ओठ. हिंदुस्थानी गवई आयुष्यभर ज्या आकाराचा रियाज करतो, तो या नावात आयता आहे. पंडितजींचा ‘रा’ नाभीतून येतो. त्यात वजन आहे, वय आहे, आणि घरातून पळून गुरूच्या शोधात गावोगाव हिंडलेल्या पोराची वणवणही आहे, असे मी म्हणालो तर आपण हसाल, पण मला ती ऐकू येते. लताबाईंचा ‘रा’ वरून उतरतो, हलका, पारदर्शक, कुठेही न थरथरणारा. आणि ‘म’वर दोघांचेही ओठ मिटतात तेव्हा मागे जे गुंजन उरते, ते दोघांचे सारखेच वाटते. एकाच नावाची ही दोन उच्चारणे आलटून पालटून ऐकावीत, म्हणजे सगुण आणि निर्गुण यांच्यावरचे ग्रंथ काही काळ बाजूला ठेवता येतात.

मधल्या वाद्यसंगीताबद्दल मात्र एक तक्रार नोंदवतो. त्या काळच्या भक्तिगीतांत असते तशी थोडी जास्तीची सजावट इथेही आहे. असे दोन आवाज हाताशी असताना तानपुरा, तबला आणि एक बासरी एवढ्यावर भागले असते, असे मला दर वेळी वाटते आणि गाणे पुन्हा आवाजांकडे वळले की मी ते विसरतो.

खळेकाकांविषयी बोलल्याशिवाय हे पुरे होणार नाही. या दोघांची गाठ त्यांनी अचानक घालून दिलेली नव्हती. लताबाईंकडून त्यांनी ‘अभंग तुकयाचे’ गाऊन घेतले होते, त्यातले ‘सुंदर ते ध्यान’ आपल्या घराघरांत पोचले. भीमसेनांकडून त्यांनी ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ आणि ‘जे का रंजले गांजले’ गाऊन घेतले होते. तुकोबांच्या शब्दांवर हे दोन्ही गळे त्यांनी वेगवेगळे पारखले होते. कोणता आवाज कुठे थांबतो, कुठे वळतो, कुठे त्याला ओढ लागते, हे त्यांना ठाऊक होते. खळ्यांच्या चाली कानाला सोप्या आणि गळ्याला महाकठीण, असे त्यांची गाणी गाणारे सांगतात. मुखडा गुणगुणायला गेलो की दुसऱ्याच वळणावर आपला पाय घसरतो. ‘बाजे रे मुरलिया’ एकदा घरी म्हणून पाहा. ओळ आठवते, शब्द आठवतात, पण मधली एखादी जागा हाताला लागत नाही, आणि मग कळते की गाणाऱ्यांनी हे अवघडपण आपल्यापासून किती प्रेमाने लपवले आहे.

पंडितजी २०११च्या जानेवारीत गेले, खळेकाका त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, लताबाई २०२२च्या फेब्रुवारीत. नरेंद्र शर्मा तर १९८९ सालीच गेले होते. दोन्ही गाणाऱ्यांना भारतरत्न मिळाले, आणि १५ ऑगस्ट १९८८ पासून दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मध्ये दोघेही घरोघर पोचले. तिथे त्यांची सुरुवात-शेवट अशी ताटातूट आहे. लोकांना हे दोघे एकत्र आठवतात ते बहुधा त्याच गाण्यातून, याची मला थोडी खंत वाटते.

माझे मत विचाराल तर खळ्यांच्या साऱ्या कामगिरीत ही दोन द्वंद्वगीते मी सर्वांत वर ठेवीन, ‘श्रावणात घन निळा’च्याही वर, आणि यावर कोणी वाद घातला तर आनंदाने घालीन. आपण ती मोबाइलवर लावाल तेव्हा पडद्यावर बहुतेक दोन गाणाऱ्यांचीच नावे दिसतील. घरातल्या लहानांना ऐकवताना नरेंद्र शर्मा आणि श्रीनिवास खळे ही दोन नावे आपण स्वतः सांगा.